तळदेशाचा कर्ता

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज पुण्याहून मेल आली. निवड झाली.

पत्त्यांचे खेळ छापणारी ही कंपनी एक नवी मालिका काढते आहे, ‘पुन्हा पाहिलेले मुलूख’. लहानपणी ज्यांनी मनातल्या मनात एखादा देश रचला असेल, त्यांनी मोठेपणी त्या देशात परत जायचं आणि छत्तीस पत्त्यांचा संच करायचा. तीनशेच्या वर अर्ज होते. चार निवडले. चारांत मी.

संपादक अनुराधा मॅडमनी फोनवर सांगितलं, कामाच्या काळात एक वही ठेवा, तिच्यातली काही पानं खेळासोबतच्या पुस्तिकेत छापू. म्हणून ही वही. नीट लिहायला हवी.

मी नागेंद्र मुतगेकर, वय तेहतीस. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ओतकामाच्या पॅटर्नची ड्रॉइंग करतो. मजगावात आईबरोबर राहतो. माझ्या देशाचं नाव तळदेश. आई लहान असताना तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. ती त्या गावाच्या गोष्टी सांगायची, त्यातून तळदेश निघाला. पाण्याखाली अजून चालू असलेलं गाव. तिथं बैल पोहतात, देवळाच्या घंटेवर शेवाळ वाढतं तरी ती वाजते, आणि गाळराजा दरसाल एक गल्ली गिळतो. खेळणाऱ्याकडे वीस श्वास असतात. पत्ता टाकायचा तर श्वास खर्च करायचा. श्वास संपले की तुम्ही वर, पाण्याबाहेर. म्हणजे हरलात.

अर्जात रकाना होता : मुलुखाचा कर्ता. तिथं माझं नाव लिहिलं. त्याखाली होतं : सोबत कोणी होतं का? ते मोकळं सोडलं. माझी मोठी बहीण रूपाली, आमची आक्का, खेळायला असायचीच. पण खेळायला असणं वेगळं.

२४ ऑगस्ट, रविवार

आईच्या ट्रंकेतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. बेचाळीस पत्ते आहेत. लग्नाच्या पत्रिका कापून केलेले, मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र आणि खाली दोन ओळी. कडा मऊ पडल्यात.

अक्षर सगळं आक्काचं आहे. चित्रंही तिचीच असावीत. साहजिक आहे, मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, ती बाराची. मी सांगायचो आणि ती लिहायची, असं असणार.

आई तांदूळ निवडत होती. तिला दाखवलं.

“हे तर रूपाचं,” ती म्हणाली. मग पुन्हा सुपात बघत म्हणाली, “पर तिला आता काय करायचं त्याचं? तुझं पेपरात नाव आलं तर स्थळं तरी येतील.”

मी हसलो. पुस्तिकेत छापायला हा प्रसंग बरा नाही.

आम्ही खेळायचो ते आप्पांच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर. आप्पा फौंड्रीत वाळूच्या खात्यात होते. त्यांची छाती खराब झाली आणि मी अकरा वर्षांचा असताना ते गेले. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही, खेळच आठवतो. मी कायम जिंकायचो. आक्का मात्र डाव ऐन रंगात आला की उठून आत जाऊन यायची. मला भयंकर राग यायचा.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीमुळे निम्मं खातं सुट्टीवर. दुपारच्या जेवणानंतर जिनपालबरोबर पहिला डाव खेळलो. जिनपाल निपाणीचा, आमच्याच टेबलांच्या रांगेत बसतो. परदेशी पत्त्यांचे खेळ मागवून खेळतो, त्यामुळे त्याचं मत मोलाचं.

तीन डाव झाले. तो म्हणाला, “ही श्वासाची भानगड जबरदस्त हाय. बळ, पैसा, जादू सगळीकडं असतंय. श्वास कुणी मोजलेला न्हाय. कुठनं सुचलं रं?”

“सुचलं असंच.”

मग त्यानं एक पत्ता बाजूला काढला. दिवलीवाली. हातात छोटी दिवली घेतलेली पोरगी. बळ शून्य. नियम असा : जो हरत असेल त्याच्याकडे ती आपण होऊन जाते आणि त्याला तीन श्वास परत देते.

“हे काय? मग हरणारा हरतच न्हाय की. डावाला अर्थ काय राहिला? काढून टाक.”

काढून टाकला. बरोबरच आहे, नियमात बसत नाही.

पण खरी अडचण वेगळी. डब्यातले कितीतरी पत्ते नुसती नावं आहेत. घंटाराखण काय करतो? गाळराजाला हरवायचं कसं? मला आठवत नाही. स्वतःच रचलेलं माणूस इतकं विसरतं का?

७ सप्टेंबर, रविवार

कडोलीला जाऊन आलो. आक्का तिथं दिलेली. बारावी झाली, बेळगावात चित्रकलेच्या कॉलेजचा अर्जही आणलेला होता, पण तेव्हाच शामूदाजींचं स्थळ आलं. दोन वर्षांनी मी डिप्लोमाला लागलो. आता ती घरी ब्लाउज शिवते. दसऱ्याच्या तोंडावर तिच्याकडे कपड्यांचा ढीग असतो.

“काय रं, वाट चुकलास?” म्हणाली.

मी म्हटलं, सहज आलो. थोड्या वेळानं तळदेशाचा विषय काढला. तिचा चेहरा असा उजळला की मला कपाट उघडल्यासारखं वाटलं.

“तुला आठवतंय व्हय अजून?”

“थोडं थोडं. ऑफिसात पोरांना खेळायला शिकवावं म्हणतोय. गंमत म्हणून.”

मग ती दोन तास बोलत होती. घंटाराखण बहिरा आहे, त्याला घंटा ऐकू येत नाही, पाण्याच्या थरथरीवरून कळतं. गाळराजाला मारता येत नाही, पण त्याला गावातल्या घरांची नावं मोठ्यानं वाचून दाखवली की तो थबकतो, कारण गिळलेल्यांची नावं त्याला पाठ असतात. आणि बैल बुडाले नाहीत, ते पोहायला लागले, कारण त्यांच्या मालकानं दावी सोडून दिली होती. हे सगळं सांगताना ती शिंप्याच्या खडूनं वर्तमानपत्रावर भराभर चित्रं काढत होती.

मी फोन टेबलावर पालथा ठेवून रेकॉर्डिंग लावलं होतं. ती चहा करायला आत गेली तेव्हा चित्रांचे फोटो घेतले.

निघताना तिनं विचारलं, “दिवलीवाली ठेवलीयास न्हवं?”

“व्हय.”

का खोटं बोललो कळत नाही. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगत बसावं लागलं असतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंग ऐकून सगळं उतरवून काढलं. आवाज स्वच्छ आला आहे. ती बोलायला लागली की प्रत्येक वेळी शिलाई मशीन थांबवते, त्यामुळे शब्द न् शब्द कळतो. सुदैव.

१२ ऑक्टोबर, रविवार

अठ्ठावीस चित्रं झाली. आक्काचे खडूचे फोटो टॅबवर खाली ठेवून वर रेघा मारतो. रंग, पाण्याची खोली, चौकटी, अक्षरं, आकड्यांचा समतोल हे सगळं माझं. यालाही कमी कष्ट लागत नाहीत. एकट्या बैलाच्या पत्त्यानं अकरा दिवस खाल्ले : तीन श्वासांत फार स्वस्त पडत होता, पाचांत कुणी खेळत नव्हतं. शेवटी चार श्वास, पण शेजारी माणसाचा पत्ता नसेल तरच. दावं सोडलेला बैल. जिनपाल उठून उभाच राहिला.

अनुराधा मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, “या बैलांच्या डोळ्यांत काहीतरी आहे हो. हे नऊ वर्षांच्या मुलाला सुचलं? त्या वयात तुमच्या घरी काय चाललं होतं?”

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. नेमका कॉल तुटला.

नाही. कॉल तुटला नव्हता, मी बंद केला. मग नेटवर्क गेलं म्हणून मेसेज पाठवला. हे इथं लिहून ठेवतो. पुस्तिकेसाठी वेगळी पानं लिहीन.

३ नोव्हेंबर, सोमवार

पेपरात बातमी आली. अर्धं पान. माझा फोटो, हातात गाळराजा. ‘बेळगावच्या तरुणाच्या कल्पनेतला तळदेश आता देशभर.’ कारखान्यात साहेबांनी सगळ्यांसमोर हार घातला, पेढे वाटले. आईनं पाच अंक विकत आणले.

अकराच्या सुमाराला आक्काचा फोन. मी खात्याबाहेर जाऊन उचलला.

“पेपर बघितला. दाजींनी आणला. फोटो बरा आलाय. शर्ट तेवढा इस्त्रीचा घालायचास की.”

“आक्का, त्यात तुझं पण नाव सांगितलतं मी. त्यांनी कापलं.”

मागं कुणीतरी गिऱ्हाईक बोलत होतं.

“असू दे रं,” म्हणाली आणि ठेवला.

मी पत्रकाराला तिचं नाव सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं त्यानं. नेटवर्कचं धरून आता दोन खोटी झाली, रेकॉर्डिंग धरलं तर तीन, दिवलीवाली धरली तर चार. जेवणाच्या डब्यात साखर होती, आईनं घातलेली, गोड तोंड करायला. ती खाल्ली नाही.

ही वही आता पुण्याला जाणार नाही, हे उघड आहे. मग बंद करावी, तर तेही होत नाही. खरं लिहायला दुसरी जागा नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

कडोलीच्या साहित्य संमेलनाचं बोलावणं आलं. जानेवारीत, दुपारच्या सत्रात तरुण कलावंतांशी गप्पा. ‘आमच्या गावच्या सुनेचे बंधू’ असं पत्रात लिहिलंय.

नाही म्हणणार होतो. कामाचं कारण सांगता आलं असतं. आई म्हणाली, “लेकीच्या गावात मान मिळतोय आणि तू न्हाय म्हणतोस? रूपाला किती बरं वाटंल.”

हो कळवलं. संच छापायला गेला की फेब्रुवारीत आक्काला सगळं नीट सांगेन, असं ठरवलंय. पुढच्या आवृत्तीत तिचे आभार मानता येतील.

११ जानेवारी २०२६, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

मंडप भरलेला होता. आक्का बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, आईशेजारी. मोरपंखी साडी, लग्नाकार्यालाच नेसते ती. शेजारच्या बायकांना माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होती. तिच्या जावा होत्या, मशीनवर येणाऱ्या गिऱ्हाईक बायका होत्या.

प्रश्न विचारायला गावातले यल्लाप्पा सर. पडद्यावर एकेक पत्ता दाखवत होते. बैल आला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मी ठीक बोलत होतो. मग सरांनी विचारलं, “नागेंद्र, श्वास मोजायची ही कल्पना अगदी वेगळी आहे. ती कुठून आली?”

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. हा प्रश्न मी आक्काला कधी विचारलाच नव्हता. आणि माइक हातात होता.

मी म्हटलं, “लहानपणी आम्ही मजगावच्या विहिरीत पोहायचो. मी तळाला जाऊन श्वास धरून बसायचो. वर बसलेली मुलं आकडे मोजायची. तिथून सुचलं.”

मला पोहता येत नाही. कधीच आलं नाही. त्या मंडपात हे दोघींना माहीत होतं.

बोलताना माझी नजर आक्काकडे गेली. मुद्दाम नाही, पण गेली. ती माझ्याकडे बघत होती. आईनं मान खाली घातली होती. मग आक्का हसली, आणि सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं. हे लिहिताना कान तापलेत, पण हायसं वाटलं हे खरं आहे.

सत्र संपल्यावर शाल, नारळ. खाली आलो तर आक्का नव्हती.

“भाकऱ्या टाकायच्या हुत्या, गेली,” आई म्हणाली.

तिचं घर मंडपापासून पाच मिनिटांवर. मी गेलो नाही. आईला घेऊन सरळ बसस्टॉपवर आलो. बसमध्ये आई नारळ मांडीवर धरून बसली होती.

१२ जानेवारी, सोमवार

आक्काला फोन केला. उचलला नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज गेलो. न कळवता.

ती साडीला फॉल लावत बसली होती. दाजी शेतावर गेलेले. मी खुर्चीवर बसलो. तिनं वर बघितलं नाही.

“पव्हायला कवा शिकलास?” तिनं विचारलं.

मी जमिनीवर पडलेल्या धाग्यांकडे बघितलं.

“सांग की. कुठली विहीर?”

“आक्का, चुकलं माझं.”

“ते श्वास आप्पांचं हुतं, नागू.”

सुई चालूच होती. बोलणं थांबून थांबून, जणू कपड्याला सांगत होती.

“आई कामाला जायची. दुपारभर मी आप्पांजवळ. डाक्टरनं सांगितलतं, मिनिटाला किती श्वास घेत्यात ते मोजून वहीत लिव्हत जा. तीसच्या वर गेलं की शेजारच्या बाळाबाईला हाक मार. मी तेरा वर्षांची. घड्याळ हातात धरून मोजायची. आणि तू बाहेर गलका करायलातास. मला आकडा चुकायचा. म्हणून तुला खेळात बशिवलं. श्वास मोजायचा खेळ. म्हंजे हितं पण मोजता यावं आणि तिथं पण.”

मला ती मधेच उठून आत जायची ते आठवलं. तो राग आठवला. एकदा तिनं परत यायला उशीर केला म्हणून मी पत्ते विस्कटून दिले होते.

“आणि दिवलीवाली?” मी विचारलं.

“तू हरलास की बोंबलायचास. आप्पा दचकून उठायचं, मग खोकला सुरू व्हायचा, थांबायचा न्हाय. तुला हरू देऊन चालत न्हवतं. ती माझी सोय हुती.”

“मला कवा सांगितलं न्हाईस.”

“तू कवा विचारलंस?”

बाहेर कुणीतरी ब्लाउज न्यायला आलं. तिनं उठून दिला, गाठोडं बांधून दिलं, त्या बाईशी दोन शब्द हसून बोलली. बाई मला म्हणाली, “तुमचं भाषण लई छान झालं हो.” ती गेल्यावर आक्का परत बसली.

“तू म्हणशील आक्काला नावाचं काय न्हाय. हाय. मला राग हाय. पेपर आला त्या दिवशी मी तीन ब्लाउज उलटे शिवले, परत उसवले. मनाशी म्हटलं, ल्हान हाय, चुकला, सांगंल. दत्तजयंती झाली, संक्रांत झाली. तू आलासच न्हाईस.”

“येणार होतो. फेब्रुवारीत.”

“व्हय. आणि मंडपात तू खोटं बोलताना माझ्याकडं बघितलंस. मी सांभाळून घ्यावं म्हणून. आणि मी हसले. सवयीनं हसले. माझ्या गावात, माझ्या जावांसमोर, आप्पांचं श्वास विहिरीत घातलंस आणि मी टाळ्या वाजिवल्या. त्याचा लई राग हाय, आणि तो तुझा न्हाय, माझा मला.”

मी रडायला लागलो. तिनं पाणी दिलं नाही. मी बघत होतो की ती उठेल.

“जा आता,” म्हणाली. “दाजी यायच्या आत जा. त्यांच्यासमोर मला तुझी बाजू घ्यावी लागंल.”

२० जानेवारी, मंगळवार

पुण्याला मेल लिहिली. पहिल्या खर्ड्यात होतं : ‘तळदेश आम्ही दोघांनी रचला.’ दुसऱ्यात : ‘मुख्यतः माझ्या बहिणीनं.’ तिसऱ्यात माझ्या कामाचा ताण, आईची अपेक्षा, आप्पांचं आजारपण, सगळं घातलं. आप्पांचं आजारपण माझ्या बाजूनं वापरताना हात थांबला. तेवढी लाज शिल्लक होती.

चौथ्यांदा लिहिलं : ‘तळदेश माझी बहीण रूपाली हिनं रचला. नियम, पात्रं, मूळ चित्रं तिची. मी तिला न सांगता तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. मी तो खेळ फक्त खेळलो होतो.’

तासाभरात अनुराधा मॅडमचा फोन.

“छपाईला जायच्या आठवड्यात हे सांगताय.”

“हो.”

“मी तुम्हाला ऑक्टोबरात विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्हाला आता मोकळं वाटत असेल.”

खरंच वाटत होतं, आणि त्यांनी ते ओळखलं म्हणून आणखी शरम वाटली. मग त्यांनी रूपालीताईंचा नंबर मागितला. पाच महिन्यांत कुणी पहिल्यांदाच मागितला.

२३ जानेवारी, शुक्रवार

कंपनीनं परवाच तळदेश मालिकेतून काढल्याचं जाहीर केलं. कारण दिलं नाही. पण कारखान्यात विचारायला लागले, तेव्हा मी खरं सांगितलं. ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, “असू दे, कामाला लागा.” ते सगळ्यात वाईट होतं.

जिनपालला वेगळं सांगितलं. त्यानं बराच वेळ टेबलावरचं ड्रॉइंग सरळ केलं.

“मी तुला विचारलतं. कुठनं सुचलं म्हणून.”

दोन दिवस तो दुसऱ्या टेबलावर जेवायला बसला. आज परत आला. भाजी वाटून घेतली. पत्ते मात्र आणले नाहीत, आणि मीही काढले नाहीत.

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “सांगायची काय गरज हुती? घरातल्या घरात मिटलं असतं. तिनं काय मागितलतं का?”

“न्हाय मागितलं.”

“मग?”

“आई, तू विहिरीचं ऐकून मान खाली घातलीस.”

ती लसूण सोलत होती. आणखी दोन पाकळ्या सोलून म्हणाली, “त्या कॉलेजाचा अर्ज मीच फाडला रं. कपाटावर हुता. तिला सांगितलं, उंदरानं कुरतडला.” मग लसणाच्या साली गोळा करून आत गेली.

आम्ही दोघं सारखेच निघालो. हे लिहायला मला बरं वाटायला नको होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

अनुराधा मॅडम स्वतः कडोलीला येऊन गेल्या. करार रद्द झाल्याच्या कागदावर माझी सही हवी होती म्हणून खडेबाजारातल्या एका हॉटेलात मला भेटल्या. उसाचा रस मागवला, प्यायल्या नाहीत.

त्यांनी आक्काला विचारलं होतं, तळदेश तुमच्या नावानं काढू का? चित्रं नव्यानं करू, पैसे तुमचे, नाव तुमचं.

“त्या काय म्हणाल्या माहीत आहे?” मॅडमनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं होतं, ते वाचून दाखवलं. “‘तो खेळ आजारी माणसाच्या दाराबाहेरचा हाय. तो बाजारात मांडायचा न्हाय.’”

म्हणजे तळदेश कुणालाच दिसणार नाही. मी तो चोरला नसता तर तो डब्यात तरी सुखानं राहिला असता. आणि हेही लिहितो : मला माझ्या छत्तीस चित्रांचं वाईट वाटलं. बैलाच्या चार श्वासांचं वाईट वाटलं. सही करताना सुद्धा तेच मनात होतं.

उठताना मॅडम म्हणाल्या, “मी त्यांना विचारलं, दुसरं काही आहे का मनात. ‘बघते’ म्हणाल्या.”

संध्याकाळी जाऊन डबा आक्काला परत दिला. तिनं झाकण न उघडता आत नेऊन ठेवला.

८ मार्च, रविवार

कडोलीला गेलो होतो. आईनं लोणचं दिलं होतं, ते पोचवायचं निमित्त. आई स्वतः येत नाही अजून.

दाजींनी दार उघडलं. नेहमीसारखं “या” म्हणाले, पण बसा म्हणाले नाहीत, शेताकडे निघून गेले. त्यांना सगळं माहीत आहे. आता मी कुठल्या खुर्चीवर बसावं याचाही विचार करतो.

शिलाई मशीनवर आच्छादन घातलेलं. दुपारी दोन तास आता शिवण घेत नाही म्हणाली, गिऱ्हाइकांना तसं सांगून ठेवलंय. खिडकीपाशी पाट टाकून बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, बोटांना शिसं लागलेलं. चाळिशीचा नवा चष्मा नाकावर. तो तिला आहे हे मला माहीत नव्हतं.

मी आत येताच तिनं शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि कागदावर ठेवलं.

“काय काढायलीस?”

“हाय काहीतरी.”

“पुण्याला पाठवणार?”

“झालं तर.”

“बघू?”

“न्हाय.”

“नुसतं बघतो. कुणाला सांगत न्हाय.”

“न्हाय म्हटलं न्हवं, नागू.”

आवाज चढवला नाही. हसलीही नाही. मी वाट बघितली. एवढं आयुष्य गेलं, तिनं मला न्हाय म्हटलं आणि थोड्या वेळानं व्हय म्हटलं नाही असं झालेलं नाही. ती उठली, चहा ठेवला, उठताना कागद, पुठ्ठा, वर्तमानपत्र सगळं उचलून बरोबर आत नेलं.

चहा दोघांनी घेतला. आईच्या गुडघ्याचं विचारलं, दवाखाना कुठला ते सांगितलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं. साडेतीनला ती म्हणाली, “चारची बस हाय तुझी,” आणि मी उठलो.

नव्या देशात कोण राहतं, तिथं काय मोजतात, मला माहीत नाही.